जपानमधल्या बिझनेस हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

जपानमधलं बिझनेस हॉटेल मुळात एकट्या नोकरदारासाठी बांधलेलं असतं. कामं उरकून तो रात्री नऊ-दहाला येतो, गरम पाण्यात अंग शेकतो, झोपतो आणि सकाळी सातला नाश्ता करून स्टेशन गाठतो. तोयोको इन, आपा, रूट इन, सुपर हॉटेल, डॉर्मी इन या साखळ्यांची सगळी रचना या माणसाच्या सोयीने झाली आहे. आता आपल्याकडची कुटुंबं, मैत्रिणींचे गट आणि आई-वडिलांना फिरवायला नेणारी मुलंही हीच हॉटेलं घेतात. त्यात काही चूक नाही. स्टेशनजवळ, स्वच्छ आणि सुरक्षित जागा इतक्या पैशांत दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण हॉटेल कोणासाठी बांधलंय हे ध्यानात न घेता गेलं, की पहिल्याच रात्री चिडचिड सुरू होते.

बुकिंगमध्येच होणाऱ्या चुका

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खोली एकाच्या नावाने घेऊन दोघांनी जाणं. आपल्याकडे भाडं खोलीचं असतं, माणसं किती हे फारसं कोणी मोजत नाही. जपानमध्ये दर माणशी ठरतो आणि राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद हॉटेलला ठेवावी लागते. काउंटरवर दोन पासपोर्ट पुढे केले आणि बुकिंग एकाचं निघालं, तर फरक भरावा लागतो, आणि सिंगल खोलीत दोघांना परवानगी नसेल तर दुसरी खोली शोधावी लागते. गर्दीच्या दिवसांत ती मिळेलच असं नाही. मुलांचंही तसंच आहे. आई-वडिलांच्याच पलंगावर झोपणाऱ्या लहान मुलाचे पैसे बरीच हॉटेलं घेत नाहीत, पण वयाची अट प्रत्येक साखळीत वेगळी असते. बुकिंगमध्ये मूल दाखवा आणि अट वाचा.

दुसरी चूक ‘सेमी-डबल’ची. फोटोत पलंग ऐसपैस दिसतो, पण रुंदी असते १२० ते १४० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार-साडेचार फूट. दिवसभर वीस हजार पावलं चालून आलेल्या दोन मोठ्या माणसांना त्यावर धड झोप लागत नाही. नवरा-बायको असले तरी मी ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोलीच घ्यायला सांगेन. काही वेळा दोन सिंगल खोल्या मिळून एका ट्विनपेक्षा फारशा महाग पडत नाहीत, तेही तपासून बघा. तिघा-चौघांच्या कुटुंबाला एकाच खोलीत बसवायचा हट्ट मात्र बिझनेस हॉटेलात सोडून द्यावा.

खोली धूम्रपानाची आहे की नाही, हे तपासायला हमखास विसरलं जातं. जपानच्या अनेक हॉटेलांत सिगारेट ओढण्याच्या खोल्या अजून आहेत आणि शेवटी शेवटी स्वस्तात उरतात त्या बहुधा त्याच. पडद्यात, उशीत मुरलेला वास खिडकी उघडून जात नाही, आणि खिडकी बऱ्याचदा उघडतच नाही. ‘किन्एन’ म्हणजे धूम्रपानबंदी, ‘कित्सुएन’ म्हणजे परवानगी. दोन्ही शब्द ऐकायला जवळचे आहेत, म्हणून बुकिंगची चिठ्ठी नीट वाचून घ्या.

आणखी एक घोटाळा अगदी रोजचा. एकाच स्टेशनभोवती एकाच साखळीची दोन-तीन हॉटेलं असतात. शिन-ओसाका स्टेशनच्या चुओगुची बाजूला तोयोको इनच्याच दोन इमारती आहेत, एक ‘होंकान’ म्हणजे मुख्य इमारत आणि दुसरी ‘शिन्कान’ म्हणजे नवी. मोबाइलच्या नकाशात साखळीचं नुसतं नाव टाकलं की तो भलतीकडे नेतो. हॉटेलचं पूर्ण नाव, जपानी लिपीतला पत्ता आणि स्टेशनचं कोणतं दार जवळचं, या तीन गोष्टी फोनमध्ये चित्र करून ठेवा. टोकियोतल्या शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेच्या आसपास दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात, तर जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ सामानासकट अर्ध्या तासाची होतात.

बुकिंग करताना पोहोचण्याची वेळ विचारतात, ती अंदाजपंचे टाकू नका. दिलेल्या वेळेनंतर बराच काळ आला नाहीत आणि कळवलंही नाहीत, तर खोली रद्द होऊ शकते. विमान उशिरा उतरलं, शेवटची गाडी चुकली, तर आधी हॉटेलला फोन.

सकाळी उतरून थेट हॉटेलवर जाणं

भारतातून रात्री निघालेलं विमान सकाळी पोहोचतं आणि डोळ्यांवर झोप असते. पण खोली मिळते दुपारी तीनला किंवा चारला, आणि ही वेळ ते खरंच पाळतात. विनवण्या करून उपयोग नसतो. काउंटरवरचा माणूस हसून, कमरेत वाकून, ठामपणे नाहीच म्हणणार. सामान मात्र आनंदाने ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि सोडायच्या दिवशीही ठेवतात. म्हणून हातपिशवीत एक कपड्यांचा जोड, औषधं आणि चार्जर वेगळे काढा, बॅगा काउंटरवर टाका आणि बाहेर पडा. पहिल्या दिवसाची आखणीच या हिशोबाने करा.

चेक-इनच्या वेळी पासपोर्ट मागून त्याची प्रत काढली जाते. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी तसा नियमच आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. दात घासायचा ब्रश, कंगवा, दाढीचं रेझर, चहाच्या पुड्या बऱ्याचदा खोलीत नसतात, लिफ्टजवळच्या मांडणीवरून आपल्याला लागेल तेवढं उचलायचं असतं. हे ठाऊक नसलेले लोक वर जाऊन ‘खोलीत ब्रशसुद्धा नाही’ म्हणून फोन करतात.

बाथरूममध्ये पाणी बाहेर काढू नका

आपली आंघोळीची सवय आणि तिथलं बाथरूम यांचं अजिबात जमत नाही, म्हणून यावर जरा सविस्तर.

याला ‘युनिट बाथ’ म्हणतात. जमीन, भिंती, टब, बेसिन असे भाग कारखान्यात घडवून आणायचे आणि जागेवर जोडायचे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेलच्या हजारावर खोल्या वेळेत उभ्या करायच्या होत्या, तेव्हा तोतो कंपनीने ही पद्धत आणली. पुढे ती देशभर पसरली. या बाथरूमात आंघोळीची जागा एकच, टबच्या आत. बाहेरच्या जमिनीवर बादली-तांब्याने आंघोळ करायला गेलात, तर कमोड, टॉयलेट पेपर आणि पायपुसणं सगळं भिजतं आणि उंबऱ्यावरून पाणी खोलीतल्या गालिच्यात जातं.

टबमध्ये उभं राहायचं, पडद्याची खालची कड टबच्या आत सोडायची आणि मगच शॉवर सुरू करायचा. पडदा बाहेर राहिला, की सगळं पाणी त्यावरून ओघळत जमिनीवर येतं. बेसिन आणि टब यांना बहुधा एकच नळ असतो, तो फिरवून दोन्हीकडे वापरायचा. त्याच नळावर एक खटका असतो, पाणी नळातून की शॉवरमधून ते त्याने ठरतं. आंघोळ झाल्यावर तो खटका नळाकडे करून ठेवा. नाहीतर मागून हात धुवायला आलेल्याच्या डोक्यावर शॉवर सुरू होतो. आणि दार उघडं टाकून गरम पाण्याने आंघोळ करू नका, वाफेने खोलीतला आगीचा अलार्म वाजू शकतो. बऱ्याच ठिकाणी तशी सूचना दारावरच चिकटवलेली असते.

घरची वयस्कर माणसं बरोबर असतील, तर खरा प्रश्न टबच्या काठाचा आहे. तो गुडघ्याइतका उंच असतो आणि बाथरूमची जमीनही खोलीपेक्षा वर असते. गुडघेदुखीच्या माणसाने ओल्या पायांनी तो ओलांडणं धोक्याचं आहे. अशांसाठी काही हॉटेलांत दांड्या लावलेल्या, रुंद दाराच्या खोल्या असतात. तोयोको इनमध्ये त्यांना ‘हार्टफुल रूम’ म्हणतात. त्या मोजक्याच असतात, म्हणून फार आधी मागाव्या लागतात.

काही हॉटेलांत मोठं सामायिक स्नानगृह असतं. डॉर्मी इनची ओळखच ती. तिथे बिनाकपड्यांनी, आधी खाली बसून साबणाने अंग पूर्ण स्वच्छ करून मगच हौदात उतरायचं. पोहण्याचे कपडे घालून उतरणं किंवा टॉवेल पाण्यात बुडवणं चालत नाही. अंगावर मोठं गोंदण असेल तर आधी विचारा, अनेक ठिकाणी मनाई असते. बायकांच्या बाजूच्या दाराला आकडी कुलूप असतं, त्याचा क्रमांक चेक-इनच्या वेळी मिळतो. संकोच वाटत असेल तर खोलीतलं बाथरूम आहेच.

एसी बिघडलेला नसतो

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा एप्रिलमध्ये ही तक्रार फार ऐकू येते: बटण दाबलं, तापमान १८ वर नेलं, तरी गरमच हवा येते. जुन्या इमारतींत थंड-गरम हवेचं यंत्र सबंध इमारतीला एकच असतं आणि ते ऋतूप्रमाणे एका बाजूला लावलेलं असतं. खोलीतलं बटण फक्त वारा कमी-जास्त करतं. बाहेर गारवा आला म्हणून इमारत हीटरवर गेली, की तुमच्या एका खोलीत थंड हवा येणार नाही. अशा वेळी रिमोटशी झटापट न करता काउंटरकडून टेबलफॅन मागा, बरीच हॉटेलं ठेवतात. नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला वेगळं यंत्र असतं. तिथे ‘रेइबो’ म्हणजे थंड आणि ‘दाम्बो’ म्हणजे गरम. फोनचा कॅमेरा धरून बटणांवरचं भाषांतर वाचता येतं.

दिवे लागत नसतील तर दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घातलंय का बघा.

विजेचंही सांगून ठेवते. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त जोडणीचा अडॅप्टर इथूनच न्या. आपली २३० व्होल्टची इस्त्री, छोटा कुकर, पाणी तापवायचा रॉड तिथे नीट तापणार नाही, ते ओझं नकोच. उलट, तिथून हौसेने आणलेला १०० व्होल्टचा राइस कुकर इथे थेट लावलात तर जळेल.

फुकट नाश्ता आणि शाकाहारी पोट

नाश्ता दरातच मिळतो म्हणून शाकाहारी माणूस निर्धास्त असतो, आणि टेबलापाशी गेल्यावर अडतो. मिसो सूपमध्ये तुकडा दिसत नसला तरी त्याचं पाणी बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. उकडलेल्या भाज्या, समुद्री शेवाळाची भाजी, अगदी नात्तोबरोबरची (आंबवलेल्या सोयाबीनबरोबरची) सॉसची पुडी, सगळीकडे तोच ‘दाशी’. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे बारीक तुकडे असतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण मासा त्यात धरला जात नाही. मांस, मासे आणि माशाचा दाशी यांपैकी काहीच चालत नाही, असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. तरीही हॉटेलचा नाश्ता आधीच ठरलेला असतो, तो तुमच्यासाठी बदलणार नाही.

भात मात्र जवळपास सगळीकडे असतो, मऊ, वाफाळता. मेतकुटाची एक पुडी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली, तर त्या भातावर सकाळ छान निघते. पाव, लोणी आणि फळंही असतात, अंडं चालत असेल तर उकडलेली अंडीही. रात्रीसाठी गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमे उपयोगी पडतात, कारण दुकानातल्या कप नूडल्समध्ये बहुतेक डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क असतो. ताजा कढीपत्ता, ओल्या मिरच्या, आंबे बॅगेत टाकू नका. ताजी फळं-भाज्या सरकारी तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत.

खोलीतली किटली फक्त पाण्यासाठी. तिच्यात मॅगी शिजवणं, दूध उकळणं हे पुढच्या पाहुण्यावर अन्याय करणारं आहे आणि त्याचा दंडही होऊ शकतो. मायक्रोवेव्ह बऱ्याचदा कॉइन लाँड्रीच्या, म्हणजे नाणी टाकून चालणाऱ्या कपडे धुण्याच्या मशीनच्या, मजल्यावर असतो. उदबत्तीही लावू नका, धुराची यंत्रणा खोलीच्या छतातच बसवलेली असते.

सामान, कपडे, पाहुणे

खोली अकरा ते तेरा चौरस मीटरची, म्हणजे साधारण १२० ते १४० चौरस फूट, बाथरूम धरून. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. पलंगाखाली मोकळी जागा असते, तिथे बॅग सरकवा. त्याहून शहाणपणाचं म्हणजे मोठी बॅग ‘ताक्क्युबिन’ने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या गावच्या हॉटेलवर पाठवणं. काउंटरवर फॉर्म भरून देतात, तोक्यो-क्योतोसारख्या अंतरावर सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. तोक्यो-क्योतो-ओसाका मार्गावरच्या तोकाइदो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेला २०२०पासून जागा आरक्षित करावी लागते, तीही कटकट वाचते.

कॉइन लाँड्रीसाठी शंभर येनची नाणी साठवून ठेवा. रात्री नऊ ते अकरा तिथे गर्दी असते. बऱ्याच हॉटेलांत कोणतं मशीन रिकामं आहे ते खोलीतल्या टीव्हीवर दिसतं. जीन्स ड्रायरच्या एका अर्ध्या तासात वाळत नाही, दोन-तीन फेऱ्यांचा हिशोब धरा.

तोक्योत निशी-कासाईकडे आपली बरीच माणसं राहतात आणि कोणी ना कोणी भेटायला येतंच. त्यांना खोलीत नेऊ नका. बाहेरच्या माणसाला वर जायला मनाई असते. लॉबीत बसा, किंवा सरळ त्यांच्याच घरी जेवायला जा.

क्योतोत भाड्याशिवाय मुक्कामाचा कर वेगळा द्यावा लागतो. मार्च २०२६पासून तो वाढलाय. एका रात्रीचं माणशी भाडं सहा हजार ते वीस हजार येनच्या आत असेल, तर माणशी रोज ४०० येन. ऑनलाइन पैसे भरले असले तरी तो काउंटरवर मागितला जाऊ शकतो.

पलंगाजवळ भिंतीला एक टॉर्च अडकवलेली असते. जागेवरून काढली की ती आपोआप लागते. भूकंपासाठी आहे ती, मुलांना खेळायला देऊ नका, आणि पहिल्याच रात्री दारामागच्या नकाशावर जिना कुठे आहे ते बघून ठेवा.

खोली सोडायची वेळ दहा किंवा अकरा. उशीर झाला तर तासाप्रमाणे पैसे लागतात. शेवटच्या दिवशी बॅग विमानतळावर पाठवायचा विचार असेल, तर ती किमान दोन दिवस आधी काउंटरवर द्या. निघायच्या दिवशी सकाळी दिलेली बॅग तुमच्या विमानापर्यंत पोहोचणार नाही.