गोचीड चावल्यावर, आणि चावायच्या आधीही, हमखास होणाऱ्या चुका : या टाळा

पावसाळी ट्रेकला निघताना जळवांसाठी मीठ, तंबाखूची पुडी सगळं बॅगेत असतं, गोचिडीचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात नसतो. जळू सुटली की रक्त वाहतं म्हणून ती कळते तरी. गोचीड चावताना दुखत नाही, आणि ती काही दिवस आरामात चिकटून बसते. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळ, वेल्हे, भोर, जुन्नर या पट्ट्यात फिरणारे, तिकडे जमीन घेऊन वीकेंडला जाणारे, घरी कुत्रं असणारे, गोठा असणारे, सगळ्यांकडून साधारण त्याच त्याच चुका होतात.

"आता कुठे सीझन आहे?"

जनावरांवरच्या गोचिड्या ऊब आणि ओल मिळाली की वाढतात, म्हणजे पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीच्या आसपासपर्यंत त्यांचा जोर, थंडी पडली की कमी होतात. हे आपल्या भागापुरतं ठीक आहे. घोळ कुठे होतो, तर हेच कॅलेंडर डोक्यात ठेवून लोक जानेवारी ते मे तळकोकणात जातात. तिथे उलटं आहे. माकडताप ज्या गोचिडीमुळे होतो तिची मधल्या अवस्थेतली पिल्लं पाऊस संपून रान सुकायला लागलं की बाहेर पडतात, आणि तापाचे पेशंट साधारण डिसेंबर ते मे या काळात दिसतात. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि त्याचा विषाणू ओळखला तो आपल्या पुण्यातल्याच संस्थेने, तेव्हा तिला व्हायरस रिसर्च सेंटर म्हणायचे, आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून त्याचे पेशंट मिळाले. म्हणून मार्चमध्ये तिकडे काजूच्या बागेत, जंगलात पालापाचोळ्यात बसून डबा खाणार असाल तर "पावसाळा नाही, काही होत नाही" हे चालणार नाही.

याच्या उलट चूक म्हणजे सिंहगडावर एक गोचीड चिकटली की थेट माकडतापाची भीती. आपल्या जिल्ह्यात जास्त लक्ष द्यायचं ते टिक टायफसकडे, म्हणजे गोचिडीतून येणारा, रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा ताप. पुणे जिल्ह्यातल्या या आजारावर १९८० च्या दशकातच शोधनिबंध आलेला आहे, पण सामान्य लोकांना नावही माहीत नसतं. आणि तिसरी गंमत अमेरिकेतल्या नातेवाइकांची. ते लाइम डिसीजचे, म्हणजे तिकडे गोचिडीतून होणाऱ्या आजाराचे फॉरवर्ड पाठवतात, लाल गोल चट्टा शोधा, छत्तीस तासांच्या आत काढली तर काही होत नाही वगैरे. ते त्यांच्याकडच्या गोचिडीचं आणि त्यांच्याकडच्या आजाराचं गणित आहे, इथे तेच लावून "अजून एक दिवसही झाला नाही" म्हणून निवांत बसू नका.

वर झाडाकडे बघणं

गोचीड झाडावरून अंगावर पडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला चढून पुढचे पाय पसरून थांबते आणि जाणाऱ्याला पकडते, नंतर वर सरकत जाते. त्यामुळे शॉर्ट्स आणि घोट्यापर्यंतचे सॉक्स घालून पायवाट सोडून कारवीत घुसणं ही खरी चूक. फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली (दिसायला विचित्र दिसतं, दिसू दे), कपडे फिके, म्हणजे चालणारा ठिपका कळतो. डीट असलेलं रिपेलंट उघड्या त्वचेवर चालतं, परमेथ्रिन हे कीटकनाशक मात्र फक्त कपड्यांवर, अंगावर नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते पिल्लांच्या बाबतीत. अंड्यातून नुकती निघालेली गोचीड सहा पायांची आणि खसखशीएवढी असते, आणि अशी शेकडो एकाच गवताच्या काडीवर असतात. पँटवर तपकिरी धूळ लागल्यासारखं दिसतं, पण ती धूळ सरकते. लोक हाताने झटकतात, तर ती झटकून जात नाहीत, उलट पसरतात आणि हातावर येतात. तिथल्या तिथे रुंद चिकटपट्टी घ्या, त्या ठिपक्यावर दाबा, उचला, पट्टी दुमडून टाका, परत नवी. ट्रेकच्या बॅगेत एक रोल ठेवायला काय जातंय.

घरी आल्यावर आंघोळ लगेच, कपडे पलंगावर नाही. गार पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून गोचीड जिवंत बाहेर येऊ शकते, कपडे कडक गरम पाण्यात टाका. आणि बघायचं कुठे, तर कानामागे, केसात, काखेत, बेंबीत, इलॅस्टिकच्या रेषेवर, जांघेत, गुडघ्याच्या मागच्या खळीत. पोरांचं डोकं तुम्ही स्वतः बघा, त्यांच्या "हो बघितलं"वर सोडू नका.

रॉकेल, उदबत्ती, तंबाखू, नेलपॉलिश

हे सगळं बंद. चटका दिला किंवा तेल लावलं की ती आपणहून सुटेल असं वाटतं, पण ती डिवचली गेली की पोटातलं जखमेत ओकू शकते, म्हणजे नको तेच आपण करून घेतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा चालतो, कातडीला टेकेल इतक्या जवळ तोंडाशी पकडा, फुगलेल्या पोटाला नाही, आणि झटका न देता, न पिरगळता, एकसारखं सरळ वर ओढा. कातडी थोडी वर उचलली जाते, तिथेच धरून थांबलं की सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, सहज निघाला तर काढा नाहीतर राहू द्या. मग साबण-पाणी, वर अँटिसेप्टिक, हात धुवायचे.

काढलेली गोचीड नखावर नख ठेवून फोडायची सवय गावाकडे सर्रास आहे, कुत्र्याच्या कानातली काढली की फरशीवर टाकून चपलेने, गोठ्यात तर बोटांनीच. तिच्या रक्तातून, बारीक जखमेतून संसर्ग होऊ शकतो. क्रिमियन-काँगो ताप हा विषाणूचा गंभीर आजार असाच, गोचिडीच्या चाव्यातून, ती हाताने चिरडल्याने किंवा बाधित जनावराच्या रक्तातून पसरतो. २०११ मध्ये गुजरातेत साणंदकडे त्याचे पेशंट निघाले आणि ते निदानही पुण्याच्या एनआयव्हीतलंच. ग्लोव्हज नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. गोचीड झाकणाच्या डबीत स्पिरिटमध्ये टाका, किंवा चिकटपट्टीत बंद करा.

काढली म्हणजे विषय संपला

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गोचीड काढली, फोटो ग्रुपवर टाकला, झालं. आठवड्याने ताप आला की डेंगी, मलेरिया, टायफॉइडच्या टेस्ट होतात, सगळ्या निगेटिव्ह, मग "व्हायरल असेल", आणि डॉक्टरांना गोचिडीचं कुणी सांगितलेलंच नसतं. ते विचारतीलच असं नाही, सीझनला ओपीडीत उभं राहायला जागा नसते. तुम्ही सांगा : अमुक तारखेला, अमुक गावी, गोचीड चावली किंवा गवतात-गोठ्यात वावर झाला. तारीख आणि जागा फोनवर लिहून ठेवा, गोचिडीचा फोटोही.

ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, आणि पुरळ, त्यातही तळहात-तळपायावर आलं तर टिक टायफसचा विचार लवकर व्हायला हवा. रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करू शकतात, साधं जुनं औषध आहे, पण उशीर झाला तर आजार गंभीर होतो. काखेत, जांघेत न दुखणारी काळी खपली दिसली तर तीही दाखवा, ती बहुतेक वेळा स्क्रब टायफसची असते, तो गोचिडीतून नाही तर चिगरमधून, म्हणजे माइट या किड्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिल्लातून येतो, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ झाली होती. औषध तेच. पण ताप नसताना, नुसती गोचीड चावली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ नका. आणि अशा तापात ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नको, रक्तस्रावाचा धोका असलेले आजारही यात आहेत, तोवर पॅरासिटामॉल. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बडबड, गुंगी असलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका, त्याच्या अंगावरच्या गोचिड्या तिथेच पाचोळ्यात उतरलेल्या असतात. वन विभागाला १९२६ वर कळवा.

फक्त कुत्र्याला औषध, फक्त गाईला इंजेक्शन

कुत्र्याची तपकिरी गोचीड फ्लॅटमध्ये बारा महिने राहते, थंडी-पाऊस तिला लागत नाही. ती तीनदा अंगावर चढते आणि तीनदा खाली उतरते, त्यामुळे कुत्रं स्वच्छ आणि पडद्याच्या दुमडीत, स्कर्टिंगच्या फटीत, बाल्कनीच्या ग्रिलपाशी संसार सुरू, असं होतं. वेताळ टेकडीवरून, तळजाईवरून फिरून आलं की कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा. कुत्र्याची परमेथ्रिनची औषधं मांजराला लावू नका, मांजर मरू शकतं.

गोठ्यात तेच मोठ्या प्रमाणात. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती जनावरावर नाही, भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांध्यात. जनावराला औषध दिलं आणि गोठा तसाच ठेवला तर काही आठवड्यांनी परत सगळं आहे तिथेच. भेगा बुजवा, गोठ्यातही फवारा, आणि पुन्हा कधी फवारायचं ते पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा. गोचिड्या मरत नाहीत म्हणून औषध दाट करणं हा उपाय नाही, डेल्टामेथ्रिन या फवारणीच्या औषधाला त्या सरावल्याचं देशात बऱ्याच ठिकाणी दिसलंय, तेव्हा औषध बदलायचं, डोस नाही. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, चाटू नये म्हणून अंग वाळेपर्यंत मुसकी घाला, गव्हाण झाका, कास, शेपटीखाली आणि कानात हाताने औषध पोचवा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या जनावराचं दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारून घ्या, डेअरीला घालायच्या आधी.