‘मन्न विरुद्ध इलिनॉय’ हा निकाल कसा वाचावा

खासगी धंद्याचे दर सरकारने ठरवावेत का, या वादाच्या मुळाशी जायचे असेल, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८७७ चा हा निकाल स्वतः वाचावा. मात्र सुरुवात निकालपत्रापासून न करता कायद्यापासून करावी. इलिनॉय राज्याने १८७१ मध्ये धान्यकोठारांचे कमाल भाडे ठरवून दिले: पहिल्या ३० दिवसांसाठी बुशेलमागे (बुशेल हे धान्य मोजण्याचे माप) २ सेंट आणि पुढच्या प्रत्येक १५ दिवसांसाठी अर्धा सेंट. ही मर्यादा किमान एक लाख वस्तीच्या शहरांनाच लागू होती, म्हणजे प्रत्यक्षात शिकागोला.

यानंतर वस्तुस्थितीचा भाग सावकाश वाचावा, कारण निकालाचे खरे बळ तिथे आहे. पश्चिमेकडचे धान्य पूर्वेकडे जाताना शिकागोच्या १४ कोठारांतून जाई, त्यांचे व्यवहार नऊ पेढ्यांच्या हाती होते आणि त्या दरवर्षी आपसांत भाडे ठरवीत. शेतकऱ्याला दुसरी वाटच नव्हती. कोठारचालक मन्न आणि स्कॉट यांनी परवाना न घेता जादा दर आकारले, म्हणून त्यांना १०० डॉलर दंड झाला.

आता न्यायालयापुढचा प्रश्न आपल्या शब्दांत लिहून काढावा: कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय राज्याने कुणाची मालमत्ता हिरावू नये, असे १४वी घटनादुरुस्ती सांगते; दरांवर अशी मर्यादा घालणे म्हणजे तिचा भंग करून मालमत्ता हिरावणे होय काय? सरन्यायाधीश वेट यांनी १७व्या शतकातील इंग्रज न्यायाधीश हेल यांचा आधार घेऊन उत्तर दिले, की ज्या मालमत्तेच्या वापरात लोकांचे हित गुंतते, तिच्यावर लोकांचे नियंत्रण चालते. विधिमंडळाने या अधिकाराचा गैरवापर केला, तर दाद न्यायालयात नव्हे, मतपेटीतून मागावी.

न्यायमूर्ती फील्ड यांचे विरोधी मत वगळू नये. हा तर्क मान्य केला, तर राज्यातील प्रत्येक धंदा विधिमंडळातील बहुमताच्या मर्जीवर राहील, हा त्यांचा आक्षेप मला आजही गंभीर वाटतो. लोकहिताची सीमा नेमकी कुठे, हे वेट यांनी पुरेसे स्पष्ट केलेले नाही, आणि वाचताना समासात खूण करावी ती इथेच.

शेवटी पुढचे दोन निकाल जोडून वाचावेत. १८९० मध्ये मिनेसोटातील रेल्वेच्या खटल्यात दर वाजवी आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाने स्वतःकडे घेतला. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या दुधाच्या किमान दराचा कायदा वैध ठरवणाऱ्या नेबिया खटल्यात, लोकहिताशी निगडित धंद्यांचा असा कोणताही ठरावीक वर्ग नाही, असे न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले.