जॉबवर्कचं शॉप चालवताय? आधी 'एकच' काय काय आहे ते शोधा

रिस्क म्हटलं की आपल्याकडं लोकांना आग आणि चोरी एवढंच आठवतं, एक पॉलिसी काढली की मोकळे. पण कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागात दुसऱ्यांच्या मालावर मशीनिंग करून देणारं छोटं मशीन शॉप अडचणीत आलं की खोलात जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथं काहीतरी एकच होतं आणि नेमकं तेच गेलं. एकच कस्टमर, एकच सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारा माणूस), मशीनचे सगळे प्रोग्रॅम एकाच पेन ड्राइव्हवर. म्हणून कन्सल्टंट वगैरे नंतर, आधी एक वही घ्या, शॉपमधून फिरत फिरत काय काय 'एकच' आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढं लिहा की हे उद्या सकाळी नसलं तर काम किती दिवस थांबेल. दोन दिवसांपेक्षा जास्त थांबणारं जे निघेल त्याला आधी हात घाला, बाकीचं राहू दे सध्या.

बहुतेकांच्या वहीत पहिली ओळ कस्टमरचीच येणार. एकाच कंपनीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशीनिंग करून 80 टक्के बिलिंग होत असेल तर तुम्ही त्यांचंच एक डिपार्टमेंट आहात, फक्त पीएफ नाही. कायदा तसा तुमच्या बाजूनं आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या पुढं नेता येत नाही, करारच नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं दर महिन्याला चक्रवाढ व्याज. त्यात भर म्हणून 2024 पासून इन्कमटॅक्सचा नियम आला, सूक्ष्म किंवा लघु युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, त्यामुळं मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले जरा फोन उचलतात. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापून घ्या आणि रजिस्ट्रेशन माल द्यायच्या आधीचं पाहिजे, नंतर काढून जुन्या बिलांवर व्याज मागायला गेलात तर अवघड. हे सगळं खरं, पण ज्याच्या जिवावर शॉप चालतं त्याच्यावर पेमेंटची सरकारी केस कोण टाकणार? कोणी नाही. त्यामुळं खरा इलाज दुसरा कस्टमर हाच, रेट थोडा कमी मिळाला तरी चालेल, आणि माझ्या मते एका पार्टीचं बिलिंग 40 टक्क्यांच्या वर गेलं की झोप उडायला पाहिजे.

कस्टमरवरून आठवलं, रिजेक्शन. कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं राहिलेली पोकळी, बाहेरून दिसत नाही, तो मशीनिंग केल्यावर उघडा पडतो, तोपर्यंत तुमचा मशीन टाइम, इन्सर्ट, लाईट सगळं खर्च झालेलं असतं आणि महिन्याच्या शेवटी पैसे कापल्याची डेबिट नोट मात्र तुमच्या नावानं. पीओ (खरेदीची ऑर्डर) घेतानाच लिहून घ्या की कास्टिंगच्या दोषानं गेलेल्या नगाचे मशीनिंग चार्जेस मिळणार का नाही, आणि कुठल्या ऑपरेशनपर्यंतचे. कास्टिंगच्या दोषाचं आणि आपल्या चुकीचं, दोन्ही रिजेक्शनचे ढीग वेगळे, पेंटचा रंग वेगळा, चलनावर हीट नंबर (कुठल्या ओतीचा माल तो नंबर) आणि नग, फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर. महिनाभरानं भांडायला गेलात तर तोवर माल भट्टीत वितळलेला असतो.

आता सेटर. तो गावाला गेला, किंवा समोरच्या शॉपनं दोन हजार जास्त देऊन नेला, तर काय? दुसऱ्या ऑपरेटरला आठवड्यातून एक सेटिंग करायला लावा, वेळ जाईल, जाऊ दे. प्रत्येक जॉबची एक शीट करा, फिक्स्चरचा फोटो, टूल लिस्ट, ऑफसेट, कुठं चटका बसतो ती टीप. प्रोग्रॅम आणि मशीनचे पॅरामीटर (त्याच्या सेटिंगचे आकडे) दोन्हीचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि आणखी एका ठिकाणी पाहिजे, कारण सीएनसी मशीनच्या फॅनकसारख्या कंट्रोलमध्ये मेमरी बॅटरीवर टिकते. स्क्रीनवर बॅटरीची वॉर्निंग लुकलुकत असते, लोक महिनोन्महिने बघून न बघितल्यासारखं करतात आणि मग दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद राहिलं की पॅरामीटर गायब, सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत बसा. बॅटरी स्वस्त असते, फक्त बदलताना कंट्रोल चालू ठेवायचा, मॅन्युअल बघून करा.

आणि ते मशीनच्या दरवाज्याचं सेफ्टी स्विच बायपास केलंय ना सायकल टाइम वाचवायला, ते आजच काढा. प्रत्येक नगामागं वाचलेले दोन-चार सेकंद आणि एका पोराचा हात, यात हिशोब करण्यासारखं काही नाही. ईएसआयसीत (सरकारी कामगार विम्यात) नसलेल्या कामगारांसाठी वर्कमन कॉम्पेन्सेशनची, म्हणजे अपघात भरपाईची, पॉलिसी वेगळी घ्या.

फसवणुकीचं थोडक्यात. सप्लायरच्या नावानं मेल येतो, 'आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथं करा'. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

पुराचं मात्र सविस्तर बोलावं लागतं. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, त्यामुळं ज्यांच्या शेडमध्ये थेंब आला नाही त्यांचाही माल अडकला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पुराची इशारा पातळी 39 फूट आणि धोका 43 फूट. तुम्ही स्वतःचा आकडा आधीच ठरवा, समजा 37 ला फिनिश माल डिस्पॅच करून टाकायचा, 39 ला मोटारी, ड्राइव्ह, मेजरिंग इन्स्ट्रुमेंट वर चढवायचे, मेन स्विच कोण बंद करणार त्याचं नाव भिंतीवर. पाणी बघून ठरवू म्हणणारे रात्री दोनला टॉर्च घेऊन पळत असतात.

इन्शुरन्सची पॉलिसी कपाटातून काढून एकदा वाचाच. बँकेनं काढलेली असेल तर रक्कम बऱ्याचदा कर्जाएवढीच असते. 20 लाखांचा माल-मशीन 10 लाखांना इन्शुअर केलंत आणि 8 लाखांचं नुकसान झालं तर ॲव्हरेज क्लॉजनं (कमी रकमेचा इन्शुरन्स तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) साधारण 4 लाखच मिळतात. 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या युनिटसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, त्यात 15 टक्क्यांपर्यंतचा असा फरक माफ असतो, आणि पूर त्यात येतो. पण एजंटला एक प्रश्न जरूर विचारा, कस्टमरचं जे कास्टिंग आपल्याकडं पडून असतं ते यात धरलंय का? ते आपल्या मालकीचं नाही, म्हणून 'ट्रस्टमधला माल' असा उल्लेख पॉलिसीत लागतो, आणि नसेल तर कास्टिंगचे पैसे तुमच्या बिलातून कापले जातील. आणि क्लेमची वेळ आलीच तर गाळ उपसायच्या आधी कंपनीला कळवा, मशीनवर पाणी कुठपर्यंत आलं त्या रेषेचे फोटो काढा, खराब माल सर्व्हेयर बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला द्यायचा नाही.