कुजलेल्या खांबाला नवा पाय: हातहत्यारांनी सांधा

गिरगावातल्या जुन्या घरांचे सागवानी खांब बहुधा वरून ठणठणीत असतात. कुजतात ते तळाशी. बुंध्याला थापलेल्या सिमेंटमुळे लाकडात शिरलेली ओल बाहेर पडत नाही. आधी ते सिमेंट फोडा.

टोच्या (टोकदार सळईचं हत्यार) खालून वर टोचत न्या. टोक रुतायचं थांबलं की तिथून 2 इंच वर कापायची रेघ. काम दिवाळीनंतरच काढा. वरचा भार दोन्ही बाजूंच्या ठेप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या टेकूंवर, घ्या. जॅकने जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) उचला, जास्त उचललं तर वरच्या भिंतीला तडे जातात. ठेप्यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरकडून घ्या आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला विचारल्याशिवाय करवत लावू नका.

नवा तुकडा जुन्याच सागाचा हवा, पाडलेल्या इमारतीतला. ओलं लाकूड सुकताना आक्रसतं आणि सांधा उघडतो.

6 इंची चौरस खांबाला 18 इंचांचा अर्धा-अर्धा सांधा पुरतो: दोन्हीकडून 3-3 इंच जाडी काढायची. गुण्या (काटकोन) आणि खतावणीने (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) रेघा चारी अंगांनी फिरवा. उभ्या खांबावर उभी करवत चालत नाही, म्हणून दर इंचाला आडवे काप द्या, रेघेपासून अर्धा सूत अलीकडे थांबा, मधले तुकडे पटाशीने (सुताराची छिन्नी) उडवा आणि उरलेलं हलक्या हाताने तासा. घाईत पटाशी तंतूबरोबर आत घुसते. आधी जमिनीवर, भंगार लाकडाच्या दोन तुकड्यांवर हा सांधा करून पाहा.

खरी परीक्षा आडव्या खांद्यांची, म्हणजे सांध्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकूड लाकडावर टेकतं त्या कापांची. वजन तेच पेलतात, खुंट्या नव्हे. एक खांदा टेकला आणि दुसऱ्यात फट राहिली तर भार एकाच बाजूला येऊन सांधा फाटतो. यावर जुनी युक्ती आहे: सांधा जुळवून घट्ट आवळा आणि दोन्ही खांद्यांच्या फटीतून एकच बारीक करवत फिरवा. दोन्ही फटी करवतीच्या कापाएवढ्या, सारख्याच होतात, तुकडा वर सरकवला की दोन्ही एकदम टेकतात.

मग पाऊण इंची 4 खुंट्या, नागमोडी. एका रेषेत ठोकल्या तर लाकूड तंतूत चिरतं.

तळाच्या कापावर जवसाचं तेल पिईनासं होईपर्यंत लावा. तळखडा (खांबाखालचा दगड) आणि खांबामध्ये शिशाचा पत्रा घाला, पण खांबाच्या कडेला बरोबर कापून. बाहेर राहिला तर त्यावर पाणी साचतं.