फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि जीभ जड झाली, तर?

फिटच्या गोळ्या घेणारा माणूस बोबडं बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला की घरात एकच शब्द फिरतो: लकवा. आमच्याकडेही फिरला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कॉलेजात असल्यापासून फेनिटॉइन चालू आहे. त्याची फाइल आणि गोळ्यांचा डबा मी सांभाळते, म्हणून ओळखीचे लोक मलाच विचारतात.

पहिला प्रश्न : हे कधीपासून? तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एकच हात उचलेना, चांगलं बोलता बोलता वाचा गेली आणि हे सगळं मिनिटांत घडलं, तर गोळ्यांचा विचार सोडा. १०८ ला फोन लावा आणि सीटी स्कॅनची सोय असेल तिथेच न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. घरातली ॲस्पिरिन देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका, ठसका लागतो.

गोळीचा त्रास सहसा हळूहळू चढतो आणि दोन्ही बाजूंना असतो. दादाचा आधी चहाचा कप बशीत ठेवताना खडखडायला लागला. मग चप्पल घालताना तो दाराची चौकट धरायला लागला. वहिनी म्हणाली, "वन्सं, हे प्यायल्यासारखं बोलतायत." दादा आयुष्यात दारूला शिवलेला नाही. मी त्याच्या डोळ्यांसमोर पेन धरलं आणि हळूच कडेला नेलं. बुबुळं पेनामागे सरळ जाईनात, थडथडत होती. हात पुढे करून डोळे मिटायला लावले, तर दोन्ही हात सारखेच वर राहिले. तोंडही सरळ होतं.

एवढं कुणालाही बघता येतं, पण त्यावर घरी निकाल द्यायचा नाही. लहान मेंदूचा स्ट्रोक, म्हणजे लकव्याचा झटका, असाच तोल घालवतो आणि त्यात हातातली ताकद शाबूत राहू शकते. अचानक झालं असेल तर स्ट्रोकच समजून धावायचं. नंतर ते गोळीचं निघालं तर बरंच.

दुसरा प्रश्न : नवीन काय सुरू झालं? दादाला जांघेत नायटा झाला होता. त्यासाठी फ्लुकोनाझोल लिहून दिली गेली, आणि आधीच्या गोळ्या कोणत्या हे ना कुणी विचारलं ना दादानं सांगितलं. फ्लुकोनाझोल यकृतात फेनिटॉइनचा निचरा अडवते. त्यात फेनिटॉइनची एक खोड आहे. यकृताची ते पचवायची ताकद ठरावीक असते, स्टँडवरच्या एकाच तिकीट खिडकीसारखी. खिडकी भरली की थोडी गर्दी वाढली तरी रांग रस्त्यापर्यंत जाते. म्हणून डोस ३०० मिलिग्रॅमवरून ४०० केला तर रक्तातलं प्रमाण दुपटीच्याही पुढे जाऊ शकतं. टीबीची आयसोनियाझिडही फेनिटॉइन वाढवू शकते. कार्बामाझेपिन ही फिटची दुसरी गोळी चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक गोळ्यांपासून सावध राहा.

डॉक्टर 'लेव्हल', म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासायला सांगतील. फेनिटॉइनची नेहमीची लेव्हल १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारण २० च्या वर डोळे थडथडतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. एरवी रक्त सकाळच्या गोळीआधी देतात, पण माणूस झोकांड्या खात असेल तर सकाळची वाट बघायची नाही. अशक्त, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असलेल्या माणसात आकडा नॉर्मल येऊनही त्रास असू शकतो, तेव्हा नुसता रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नका.

आणि घाबरून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एकदम बंद केली तर फिट येते आणि ती थांबतच नाही असंही होऊ शकतं. त्याच दिवशी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील तेवढाच डोस गाळा. दादाची लेव्हल तिशीच्या वर निघाली. डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल बंद करून नायट्याला मलम दिलं, फेनिटॉइन मोजून थांबवून पुन्हा सुरू केलं. आधी बोलणं सुधारलं, चाल मागाहून.

फिटच्या बाकीच्या गोळ्यांच्या तऱ्हा वेगळ्या. टोपिरामेटनं ओठावरचा शब्द सापडत नाही, बोटांना मुंग्या येतात. ऑक्सकार्बाझेपिननं सोडियम उतरून माणूस भ्रमल्यासारखा होतो. व्हॅल्प्रोएटवर फार सुस्ती आली तर डॉक्टरांना रक्तातल्या अमोनियाबद्दल विचारा. आणि फिट येऊन गेल्यावर एक हात किंवा पाय काही तास, कधी दिवसभर, लुळा पडतो तो टॉडचा पॅरालिसिस. तो गोळीमुळे नसतो आणि आपोआप जातो. पण पहिल्यांदाच झाला असेल तर तेही दवाखान्यातच ठरू द्या.

दवाखान्यात जाताना गोळ्यांचे पत्ते तसेच न्या, रिकामेसुद्धा. 'पांढरी गोल गोळी' सांगून कुणाला काही कळत नाही. केमिस्टनं कंपनी बदलून दिली असेल तर तेही सांगा. फेनिटॉइनचं पातळ औषध असेल तर बाटली दर वेळी नीट हलवा. औषध तळाशी बसतं, आणि बाटली संपत आली की त्याच चमच्यातून जास्त डोस पोटात जातो.