आरोहण, आरोपण आणि चढणं : या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘रविवारी सकाळी ८ वाजता वृक्षारोहण. सर्वांनी यावे.’ खाली गेलो तर कडुलिंबाची दहा-बारा रोपं, एक कुदळ आणि चहाचा थर्मास. चढण्याजोगं झाड एकही नव्हतं.

हसू येतं, पण चूक घरातलीच आहे. दोन्ही शब्द एकाच धातूचे. संस्कृतातला ‘रुह्’ म्हणजे उगवणं, वाढणं, वर चढणं. आपण होऊन चढलं तर आरोहण. दुसऱ्याला चढवलं, लावलं, बसवलं तर धातूचं प्रयोजक रूप ‘रोपय्’ होतं आणि त्यातून आरोपण. म्हणून झाड लावणं ते वृक्षारोपण, मूत्रपिंड बसवणं ते प्रत्यारोपण. आपलं रोपही यातलंच. आणि कोर्टातला ‘आरोप’सुद्धा : एखाद्याच्या माथी चढवलेली गोष्ट! रुजून वाढली ती रूढी.

गोंधळ झाला की एवढंच विचारा : चढतंय कोण? गिर्यारोहणात माणूस डोंगरावर चढतो, ध्वजारोहणात ध्वज दोरीवरून वर जातो. दोन्हीकडे आरोहण बरोबर. वृक्षारोहण करायचं असेल तर नारळ उतरवणाऱ्याला बोलवा.

लिहिताना नेहमी घसरणाऱ्या जागा अशा. ‘गिरीआरोहण’ नाही, गिरि + आरोहण, इ चा य् होतो, गिर्यारोहण. ‘आरोहन’ नाही, आधी र असल्याने न चा ण झाला आहे. ‘आरुढ’ नाही, आरूढ, रू दीर्घ. आणि उतरत्या स्वरांना ‘अवरोध’ म्हणू नका. तो ‘रुध्’ धातूचा, अर्थ अडथळा. गाण्यात आरोह-अवरोह.

आता चढणं. त्यालाही ‘आरोहण’मधूनच काढायचा मोह होतो, पण हा शब्द प्राकृताच्या वाटेने आलेला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘आरुह्’च्या जागी येणारे दोन धातू दिलेत, चड आणि वलग्ग. पहिला आपल्या तोंडी रोज आहे. दुसऱ्याचा वंशज ‘वळघणे’ जुन्या मराठीत चढणे याच अर्थाने सापडतो. बोलण्यातून तो कधीच गेला. मला त्याची हळहळ वाटते.

चढणं हे क्रियापद व्याकरणातही फसवतं. ट्रेकहून आलेली मंडळी हल्ली सर्रास लिहितात, ‘आम्ही १६४६ मीटरचं कळसूबाई चढलं’, ‘तिने राजगड चढला’. कर्म दिसलं की हात आपोआप ‘ने’कडे जातो. पण इथे क्रियापद कर्त्याच्याच मागे चालतं : आम्ही कळसूबाई चढलो, ती राजगड चढली, मी जिना चढलो. ‘ने’ हवाच असेल तर क्रियापद बदला : तिने राजगड सर केला. ‘चढवणे’ मात्र ‘ने’ घेतं. तिने पातेलं चुलीवर चढवलं.

वाक्प्रचारांत एकाच जोडीकडे नीट लक्ष द्या. प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर ‘घेतलं’ म्हणजे कौतुक; आजीने नातवाला डोक्यावर ‘चढवलं’ म्हणजे लाडाने बिघडवलं. निरोप समारंभाच्या भाषणात एका वक्त्याने ‘साहेबांना आम्ही कायम डोक्यावर चढवून ठेवलं’ असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तसंच ‘मला हरभऱ्याच्या झाडावर चढवल्याबद्दल आभार’ असंही कुणी लिहू नये. हरभऱ्याचं रोप जेमतेम गुडघ्याएवढं असतं.