इंदूरात घरामागे स्विमिंग पूल करायचाय? आधी माती बघा, मग पाणी, टाइल्स सगळ्यात शेवटी

घरामागे पूल करायचा म्हटलं की सगळे आधी मोबाइलवर फोटो दाखवतात, निळ्या टाइल्स, कडेला लाकडी डेक, एखादा छोटा धबधबा, आणि मग विचारतात की असा केवढ्यात होईल. पण इंदूरात कुठला पूल घ्यायचा हे फोटोवरून ठरतच नाही. ते ठरतं तुमच्या प्लॉटखालच्या मातीवर आणि घरी येणाऱ्या पाण्यावर, आणि या दोन गोष्टी न बघता काम सुरू केलं तर चांगल्यातल्या चांगल्या ठेकेदाराचा पूलसुद्धा चिरतो.

माती बघायची म्हणजे काय करायचं ते सांगतो. जिथे पूल हवाय तिथे जेसीबीने नाहीतर दोन मजुरांकडून सहा-सात फूट खोल खड्डा घ्या आणि स्वतः वाकून आत बघा. आपल्या माळव्यात वर काळी माती लागते, कुठे दोन फूट तर कुठे आठ-दहा फूट, मग पिवळसर माती किंवा मुरूम, आणि त्याखाली काळा पत्थर. ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही बघितल्याच असतील. तीच माती पुलाच्या भिंतीला पावसाळ्यात बाहेरून दाबते आणि उन्हाळ्यात आधार काढून घेते, दर वर्षी. ती किती फुगते हे घरीपण बघता येतं, खड्ड्यातली माती वाळवा, ढेकळं फोडून बारीक चाळणीने चाळा, काचेच्या दोन सारख्या उभ्या बरण्यांमध्ये मोजून सारखीच घाला, एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल, नीट ढवळा आणि एक दिवस हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजली की फरक समोर दिसतो. पाण्यातला थर दीडपट किंवा त्याहून उंच आला तर माती भरपूर फुगणारी आहे असं समजा. लॅबमध्ये माती तपासतात तेव्हाची एक टेस्ट याच तत्त्वावर चालते. घरच्या बरणीवरून डिझाइन करू नका, इंजिनिअरचा रिपोर्ट हवाच, पण त्याच्याशी बोलताना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

मुरूम किंवा पत्थर लवकर लागला तर आरसीसी पूल करा, डोळे मिटून. हवा तो आकार, हवी ती खोली, आणि नीट केला तर एक पिढी टिकतो. फक्त तळ आणि भिंती मिळून एकच काँक्रीटची पेटी असली पाहिजे, सळ्या तळातून भिंतीत गेलेल्या, जोडावर वॉटर स्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, घातलेला. विटांच्या भिंती बांधून वर प्लास्टर आणि टाइल्स, असं स्वस्तात करून देतो म्हणणारे मिस्त्री भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. पत्थर फारच वर असेल तर खोदायला ब्रेकर लागतो आणि खर्च तिथेच वाढतो, मग पूल अर्धा जमिनीत अर्धा वर ठेवला तरी चालतो, उलट दोन पायऱ्या चढून जायचं असलं की लहान मुलं चुकून पाण्यात जायची भीतीही थोडी कमी होते.

काळी माती खोलवर असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे ती माती तळाखालून आणि बाजूने काढून टाकायची, मुरूम थराथराने धुम्मस करून भरायचा आणि मग आरसीसी, खर्च जास्त पण पक्का. दुसरा रस्ता फायबरग्लासचा. तो फॅक्टरीतून तयार होऊन येतो, अख्खा एक तुकडा, थोडा लवचिक असतो म्हणून जमिनीची बारीकसारीक हालचाल सोसतो, आणि खड्डा तयार असेल तर काही दिवसांत बसतो. पण त्याच्या बाजूला परत तीच काळी माती लोटू नका, बारीक गिट्टी किंवा सिमेंट मिसळलेली वाळू भरा, आणि भरताना आतलं पाणीही बरोबरीने चढवत न्या, एकीकडे भराव जास्त झाला की भिंत आत येते. ऑर्डर द्यायच्या आधी गल्ली मोजा. आठ-दहा फूट रुंदीचा तो अख्खा पूल ट्रेलरवर येणार, क्रेनने घरावरून उचलायचा असेल तर वरच्या विजेच्या तारा बघायला हव्यात. सुदामा नगर, राजेंद्र नगरसारख्या भरलेल्या वस्तीत हे खूपदा जमत नाही, राऊ किंवा खंडवा रोडच्या फार्महाउसवर आरामात जमतं.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. काळ्या मातीत खोदलेला खड्डा पावसाचं पाणी धरून ठेवतो, ते पुलाच्या बाहेर, खाली साचतं. अशा वेळी कोणी साफसफाईसाठी पूल रिकामा केला तर खालचं पाणी त्याला नावेसारखं वर उचलतं, फायबरग्लासला तर हमखास, आरसीसीलासुद्धा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३७ इंच पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, त्यामुळे या चार महिन्यांत पूल रिकामा करायचाच नाही. बांधतानाच तळाखाली गिट्टीचा थर आणि कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा एक उभा पाइप सोडून ठेवा, त्यात छोटी मोटर सोडली की खालचं पाणी उपसता येतं. खर्च किरकोळ आहे, नंतर मात्र करता येत नाही.

आता पाणी. २० बाय १० फूट आणि ४ फूट खोल, म्हणजे तसा लहानच पूल, त्यात साधारण २२,६०० लिटर पाणी मावतं. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून डोंगर चढवून आणलेलं, त्या नळावर पूल भरायचा विचार मला पटत नाही आणि जमतही नाही. राहिलं बोरिंग आणि टँकर. बोरिंग उन्हाळ्यात आटतं, नेमकं पूल हवा असतो तेव्हा, आणि नवीन करायला उन्हाळ्यात कित्येकदा बंदी असते. पाणी भरल्यावरही खर्च चालू राहतो, एवढ्या पुलाची पातळी १ सेंटीमीटर खाली गेली की १८५ लिटर पाणी उडालं, आणि मेमधल्या कोरड्या वाऱ्यात दिवसाला एवढं सहज जातं. म्हणून वर ओढायचं कव्हर हे सजावटीच्या नाही, पाण्याच्या खर्चात धरा. चांगला सँड फिल्टर असेल आणि पाण्याची काळजी घेतली तर तेच पाणी कित्येक महिने चालतं, दर महिन्याला बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. पंप एवढा हवा की सहा ते आठ तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाईल. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम, आठवड्यात दोन-तीनदा टेस्ट किटने बघायचं. बोरिंगचं पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरा थर धरतो आणि तुम्ही मिठावर चालणारा क्लोरिनेटर लावला असेल तर त्याच्या सेलवरपण, तिथे पाणी आधी लॅबमधून तपासून मगच ते मशीन घ्या. अॅसिड आणि क्लोरीनची पावडर कधी एकत्र ठेवू नका आणि मिसळू तर अजिबात नका, विषारी गॅस होतो.

हे सगळं वाचून ज्यांचा प्लॉट ३० बाय ५० आहे त्यांना वाटेल आपलं काही खरं नाही, तर तसं नाही. नियमाप्रमाणे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, म्हणजे एमओएसमध्ये, पूल चालेल का हे आर्किटेक्टला विचारा, आणि जागा निघत असेल तर १० बाय ७ फुटांचा, ४ फूट खोल प्लंज पूल करा. आठ हजार लिटरच्या आत काम होतं, म्हणजे दोन टँकर, आणि घरातली चार माणसं संध्याकाळी आरामात बसतात. खरं सांगायचं तर बहुतेक घरांना मी हाच सुचवतो, कारण पोहणारा घरात एखादाच असतो, बाकी सगळ्यांना गारव्यात बसायचं असतं. पोहायचंच असेल तर लांबी हवी, रुंदी आणि खोली नाही, ३५-४० फूट लांब आणि ८ फूट रुंद पट्टा दहा फूट खोल पुलापेक्षा शंभरपट कामाचा.

मुलं लहान आहेत, चार-पाच उन्हाळेच हौस करायची, किंवा भाड्याचं घर आहे, तर जमिनीवर ठेवायचा स्टीलच्या फ्रेमचा पूल घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. खाली सपाट कडक जमीन, वाळूचा पातळ थर, ताडपत्री, आणि दसऱ्यानंतर धुऊन वाळवून घडी. पण तो गच्चीवर मांडू नका. घराची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलोचा चालता भार, म्हणजे माणसांचा-सामानाचा, धरून डिझाइन केलेली असते, दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर काहीच नको.

लायनरचा पूल, म्हणजे पत्र्याच्या भिंती आणि आत प्लास्टिकची चादर, तो सुरुवातीला स्वस्त पडतो, पण चादर काही वर्षांनी बदलावी लागते आणि ते काम जाणणारा माणूस आपल्या गावात आहे का हे आधी विचारा.

कुठलाही घ्या, भोवती चार फुटी जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच, कडी मुलाच्या हाताला न लागेल एवढी उंच. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. यात एक रुपया वाचवू नका. कडुनिंबापासूनही लांब राहा, ऐन उन्हाळ्यात आधी फुलोरा आणि मग निंबोळ्या, दोन्ही पाण्यात.

काम दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे पावसाळ्याचं पाणी उतरलेलं असतं आणि मार्चपर्यंत पूल वापरायला तयार होतो. आरसीसीला २८ दिवस नीट तराई मिळू द्या, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवा, मग टाइल्स लावायच्या आधी पूल पूर्ण भरा. पहिले दोन-तीन दिवस काँक्रीट स्वतः पाणी पितं, ते जाऊ द्या. नंतर पायरीवर पाण्याने भरलेली एक बादली ठेवा, आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीवर, दोन्हीकडे खूण करा आणि २४ तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर ते ऊन-वाऱ्याने गेलं, बाहेरचं जास्त उतरलं तर गळती आहे आणि ती सापडेपर्यंत टाइलवाल्याला अॅडव्हान्स देऊ नका.